डिजिटल पियानोचा आवाज घरी मऊ, भरदार कसा करायचा? नवे स्पीकर घ्यावेत का?

स्पीकर घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की दुकानात गोड वाटलेला पियानो घरी पत्र्यावर वाजवल्यासारखा टणटणतो आणि मित्र म्हणतोय स्पीकर बदल. मला हाच सल्ला माझ्या सख्ख्या भावाने दिला होता. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही, म्हणून लिहिते.

आम्ही नाशिकरोडला राहतो, जेलरोडच्या बाजूला. सासरे दुपारी झोपतात, भिंतीपलीकडे शेजारी. त्यामुळे आवाजाचं बटण कायम पाव भागावर. दादाचा पंचवटीत साऊंडचा धंदा आहे, लग्नं आणि गणपती मंडळं. त्याने माझं वाजवणं ऐकलं आणि म्हणाला, "अगं, याच्या पोटात सहा सहा वॅटचे दोन स्पीकर, त्यातून काय निघणार?" पुढच्या रविवारी टेम्पोत घालून दोन मोठे स्पीकर घेऊन आला. आमचा हॉल दहा बाय बाराचा, खाली गुळगुळीत टाइल्स. जोडाजोड केली, मी वाजवलं, तर तोच कर्कशपणा चौपट होऊन अंगावर आला. दादा म्हणाला, "मग पियानोच हलका आहे, विकून टाक." दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली वस्तू होती ती. मला फार लागलं.

लहानपणी मी देवळाली कॅम्पला एका बाईंकडे शिकायला जायचे. त्यांच्याकडे जुना उभा पियानो होता. त्या माझ्या मनगटाखाली आपला तळवा धरायच्या आणि म्हणायच्या, "मारू नकोस, हाताचं वजन सोड." त्या रात्री ते आठवलं आणि चूक कुठे आहे ते कळलं.

डिजिटल पियानो पट्टी किती वेगाने खाली गेली ते १ ते १२७ अशा आकड्यांत मोजतो आणि त्यानुसार आतला आवाज निवडतो. जोरात मारलेल्या पट्टीचा आवाज नुसता मोठा नसतो, टोकदारही असतो. खऱ्या पियानोतही हातोडीवरचं फेल्ट जोरात आपटलं की दबून कडक होतं, तसंच. आता बटण पाव भागावर असलं की कानाला खर्ज धड ऐकूच येत नाही. आवाज कमी झाला की खर्ज आधी हरवतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय. सूर रिकामा वाटतो, म्हणून हात आपोआप जोर लावतो. म्हणजे बटणाने मी आवाज दाबत होते आणि बोटांनी पियानोकडे त्याचा सगळ्यात कर्कश आवाज मागत होते.

तेव्हा बटण अर्ध्याच्या पुढे न्या आणि हलक्या हाताने वाजवा. इटालियनमध्ये पियानो या शब्दाचा अर्थच हळू आवाजात. टच सेटिंग 'हार्ड' करा. नाव ऐकून घाबरू नका, त्यात पट्टी जड होत नाही, फक्त तेवढ्याच जोराला मवाळ आवाज मिळतो. ब्रिलियन्स, म्हणजे आवाजाचा टोकदारपणा कमीजास्त करणारं सेटिंग, असेल तर एक-दोन पायऱ्या उतरवा. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुली की बंद, तेवढा फरक पडतो. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, मात्र वाढवू नका, त्याने कर्कशपणा झाकला जात नाही, लांबतो.

खोलीकडेही बघा. बऱ्याच पियानोंचे स्पीकर खालच्या अंगाला असतात, त्यामुळे टेबलावर ठेवला की आवाज कोंडतो. स्टँडवर ठेवा, खाली सतरंजी किंवा जुनी गोधडी घाला, खिडकीला जाड पडदा लावा. पियानो भिंतीला सरकवला की खर्ज वाढतो. मी कोपऱ्यात नेला तर खर्ज घुमायला लागला, म्हणून पुन्हा हातभर बाहेर काढला.

दादाला मी हे सगळं दिवाळीत वाजवून दाखवलं. तो म्हणाला, "सेटिंग बदललंस म्हणून." नाही. सेटिंगचा वाटा निम्माही नाही. तेच सेटिंग ठेवून माझी भाची वाजवते तेव्हा पुन्हा टणटण ऐकू येते, कारण ती पट्ट्या ठोकते. धंद्यात त्याला मंडपाच्या टोकापर्यंत आवाज पोचवायचा असतो, तिथे त्याचं ज्ञान पक्कं आहे. घरात ऐकणारा दोन हातांवर बसलेला असतो, हे तो मान्यच करत नाही.

एक राहिलं, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. चांगला हेडफोन लावून एकदा ऐका. त्यातही कर्कश लागत असेल तर दोष हाताचा, सेटिंगचा किंवा पियानोतल्या आवाजाचाच आहे, आणि स्पीकर कितीही बदलले तरी तो जाणार नाही. हेडफोनमध्ये गोड आणि बाहेर कर्कश असेल तर खोली सुधारा. गोधडी, पडदा, जागा सगळं करूनही खर्ज पोकळच राहिला, तर मग दोन बऱ्यापैकी मॉनिटर स्पीकर, म्हणजे जवळून ऐकायचे छोटे स्पीकर, घ्यायला हरकत नाही. सहा वॅटच्या छोट्या स्पीकरला खालच्या सप्तकात मर्यादा असतेच, तेवढं दादाचं बरोबर होतं. पण नवे स्पीकर लहान घ्या आणि कानाच्या उंचीवर ठेवा, मंडपातले नकोत.