मुदत ठेव मोडून डेटा सायन्सचा कोर्स करावा का?

प्रश्न : माझे वय ३३. मेकॅनिकल डिप्लोमा करून ११ वर्षे चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात आहे. हातात ४१ हजार पगार येतो, घरखर्च ३० हजारांचा आहे आणि शिल्लक म्हणाल तर ३ लाख २० हजारांची मुदत ठेव. डेटा सायन्सचा १० महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करावा असे वाटते. फी अडीच लाख अधिक जीएसटी. ठेव मोडू, की संस्था देते तो ‘नो-कॉस्ट’ हप्ता घेऊ? कंपनीत रोबो वेल्डिंगची लाईन येत असल्याने मित्राने पीएलसीचा, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचा, ५५ हजारांचा वर्ग सुचवला आहे, पण त्यात वाव किती, ही शंका आहे.

उत्तर : ठेव की हप्ता हे नंतर ठरवता येईल. आधी ही फी वाढीव पगारातून किती महिन्यांत वसूल होईल, हे पाहू. १८ टक्के जीएसटी धरून रक्कम २ लाख ९५ हजार होते. कोर्स संपताच पगार दरमहा ८ हजारांनी वाढला असे मानले, तरी ती भरून निघायला ३७ महिने लागतील, आणि शिकण्याचे १० महिने मिळवले तर जवळपास चार वर्षे. ठेवीवरचे बुडालेले व्याज वेगळेच. शिवाय पगार वाढेलच हे गृहीतक मला कच्चे वाटते, कारण डेटा सायन्सच्या नोकरीसाठी अर्ज कराल तेव्हा यंत्रांशी असलेली आपली ११ वर्षांची ओळख तेथे फारशी धरली जाणार नाही. आपण नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांच्या रांगेत उभे असाल, आणि सुरुवातीचा पगार आजच्या ४१ हजारांहून कमीही असू शकेल. ‘प्लेसमेंट साहाय्य’ आणि नोकरीची लेखी हमी यांत फरक असतो, तोही करारपत्रात वाचून घ्यावा.

आपल्या पत्रात मला सर्वांत मोलाची वाटली ती रोबो वेल्डिंगची ओळ. अशी लाईन बंद पडली की पुढची सारी कामे खोळंबतात, आणि त्या वेळी पीएलसीचा प्रोग्रॅम वाचून दोष सेन्सरमध्ये आहे, वायरिंगमध्ये आहे की लॉजिकमध्ये, हे सांगू शकणाऱ्या माणसाची सर्वांना गरज भासते. बेअरिंग आणि हायड्रॉलिक्स आपल्याला येतातच; त्यांच्या जोडीला हे आले की जुन्या अनुभवालाच भाव येतो. पगार फक्त ४ हजारांनी वाढला तरी ५५ हजार १४ महिन्यांत सुटतात. मात्र पैसे भरण्यापूर्वी लाईनवर कोणत्या बनावटीचा पीएलसी येणार आहे, सीमेन्स, मित्सुबिशी की आणखी कोणता, हे विभागप्रमुखांना विचारावे, आणि वर्गात त्याच बनावटीवर प्रत्यक्ष हात चालवायला मिळेल का, याची खात्री करावी. नुसत्या सिम्युलेटरवर शिकलेले ब्रेकडाऊनच्या वेळी पुरत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थेचे अल्पमुदतीचे वर्गही पाहावेत. फी कंपनी उचलते का, हेही विचारून पाहा, पण त्याबदल्यात बाँड लिहून घेतला जात असेल तर त्याची वर्षे आधी मोजा.

वावाबद्दलची आपली शंका रास्त आहे, कारण डिप्लोमाधारकाची बढती पुष्कळदा पदवीपाशीच अडते. नोकरदार डिप्लोमाधारकांना सोयीच्या वेळेत अभियांत्रिकी पदवी घेता यावी, अशी मुभा एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेने २०२३-२४ पासून महाविद्यालयांना दिली आहे. दोन वर्षांनी तो विचार करता येईल.

आता पैशांचे. सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे १ लाख ८० हजार, कोणत्याही कोर्ससाठी हलवू नये. उरतात १ लाख ४० हजार, म्हणजे मोठ्या कोर्सची निम्मी फीसुद्धा नाही. पीएलसीच्या वर्गासाठी मात्र ठेवीला हात लावण्याचीच गरज नाही. दरमहा उरणारे ११ हजार पाच महिने बाजूला ठेवले तर नेमके ५५ हजार जमतात. वर्ग त्याआधी सुरू होत असेल तर ठेव मोडून व्याजाचा दंड सोसण्यापेक्षा तिच्यावर कर्ज काढावे; त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एकदोन टक्केच अधिक असतो.

‘नो-कॉस्ट’ हप्त्याबाबत सावध राहा. ते बहुधा वित्तसंस्थेने आपल्या नावावर दिलेले कर्ज असते. फी संस्थेला आधीच पोहोचते, आणि शिकवणे पसंत पडले नाही म्हणून हप्ता थांबत नाही. तो चुकला की डाग आपल्या क्रेडिट अहवालावर पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या किरकोळ (रिटेल) कर्जासोबत सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते हातात येईपर्यंत मोबाइलवर कुठेही ‘सहमत’ दाबू नये. शैक्षणिक कर्जाने कर वाचतो, असेही विक्रेते सांगतात. ती वजावट फक्त व्याजावर आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत आपल्या पगारावर मुळात करच लागत नाही, तेव्हा वाचणार काय?

डेटा सायन्सची ओढ खरी असेल तर ती अगदी स्वस्तात तपासता येते. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम मोफत आहेत. पैसे लागतात ते परीक्षेचे, साधारण १ हजार रुपये. नव्या लाईनच्या सेन्सरमधून निघणाऱ्या नोंदी वाचून बिघाड आधी ओळखणे, हेही डेटाचेच काम आहे, आणि ते आपल्याला याच कारखान्यात करता येईल. असा एक अभ्यासक्रम पाळ्या सांभाळून, स्वाध्याय न चुकवता पूर्ण झाला, तर मोठ्या कोर्सविषयी पुन्हा लिहा. तेव्हाचा पगार आणि शिल्लक धरून आकडे नव्याने मांडू.