सिनेमा मालिकेसारखा का दिसतो, आणि नातीनं कवटी का पाठवली?

या वेळच्या पत्रांत एक गंमत आहे. जवळजवळ प्रत्येकानं तक्रार करता करता दोष स्वतःवरच ओढवून घेतलाय. डोळे बिघडले असतील, बोटं मंद झाली असतील, कान गेले असतील. इतकी नम्रता बरी नव्हे. मी दिवसा सिनेमांच्या संकलनाचं काम करते आणि रात्री गेम खेळते. माझा सल्ला असा, की संशय आधी सेटिंगवर घ्यावा, स्वतःच्या इंद्रियांवर नंतर.

ताई, घरात नवा मोठा टीव्ही आला. आवडते जुने सिनेमे लावले तर सगळे रोजच्या मालिकांसारखे दिसतात. चित्र स्वच्छ आहे, पण काहीतरी खोटं वाटतं. घरात बाकी कुणालाच फरक दिसत नाही. माझ्या डोळ्यांत दोष आहे का? – एक सिनेमावेडी

तुमचे डोळे घरातल्या सगळ्यांपेक्षा तयार आहेत. खोटं वाटतंय कारण पडद्यावरची निम्म्याहून जास्त चित्रं खरोखरच खोटी आहेत. ती दिग्दर्शकानं घेतलेली नाहीत, तुमच्या टीव्हीनं बनवलेली आहेत.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचे, वेग कमीजास्त व्हायचा आणि कुणाचं काही अडत नव्हतं. हालचाल जराशी जलद झाली तरी डोळा चालवून घेतो. कान नाही घेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, ध्वनी चित्रासोबत धावू लागला, तेव्हा वेग एकसारखा ठेवणं भाग पडलं. २४ हा आकडा त्या वेळी ठरला. आवाज नीट यावा इतका तो जलद होता आणि फिल्मचा खर्च आवाक्यात राहावा इतका सावकाश. म्हणजे ज्याला आपण सिनेमाचं सौंदर्य म्हणतो, त्याच्या मुळाशी काटकसर आहे.

पण त्या काटकसरीतून एक रूप तयार झालं. प्रत्येक चित्र साधारण सेकंदाच्या ४८ व्या भागाइतका वेळ उघडं राहून टिपलेलं असतं. हात हलवणाऱ्या नटाची फ्रेम, म्हणजे असं एक चित्र, मी कामाच्या वेळी थांबवते, तेव्हा तिथे बोटं नसतातच. मनगटाच्या पुढे नुसता धूसर पट्टा असतो. तो धूसरपणा आणि दोन फ्रेमांमधली न टिपलेली हालचाल, दोन्ही मिळून डोळ्याला 'सिनेमा' वाटतात. मालिका आणि खेळांचे सामने मात्र वर्षानुवर्षं व्हिडिओवर, सेकंदाला ५० किंवा ६० वेळा हालचाल टिपून दाखवले गेले. त्यामुळे गुळगुळीत हालचाल दिसली की डोळा लगेच म्हणतो, ही मालिका.

आता तुमचा टीव्ही. तो सेकंदाला ६० वेळा, बऱ्याचदा १२० वेळा चित्र बदलू शकतो. सिनेमाकडून त्याला २४ च मिळतात. मग तो दोन चित्रं शेजारी ठेवतो, काय कुठून कुठे सरकलं याचा अंदाज बांधतो आणि मधली चित्रं स्वतः काढून घुसवतो. आपण बोलता बोलता थांबलो की आपलं वाक्य स्वतःच पुरं करणारे पाहुणे असतात, तशातली ही गत. बहुतेकदा अंदाज बरोबर येतो. चुकतो तेव्हा बघण्यासारखं असतं. कुंपणाच्या पट्ट्यांमागून माणूस धावताना बघा. त्याच्या पायांभोवती एक पाणचट कडा थरथरते, कधी एक पट्टी क्षणभर पायाबरोबर सरकते आणि मागे येते. घरातल्यांना एकदा हे दाखवा. मग त्यांनाही दिसायला लागेल आणि ते तुम्हाला दूषणं देतील, पण तो वेगळा प्रश्न.

उपाय सोपा. चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन', 'स्मूद' किंवा 'क्लिअर' असे शब्द असलेली जी काही सोय असेल ती बंद करा. प्रत्येक कंपनी तिला आपलं वेगळं नाव देते, म्हणून शोधावी लागते. तुम्ही एकट्या नाही आहात. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझनं दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीला शेजारी उभं करून खास व्हिडिओ काढला होता, लोकांनी हे बंद करावं म्हणून. पुढच्या वर्षी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. नव्या टीव्हींपैकी अनेकांत तो असतो आणि एका फटक्यात ही सगळी सुधारणा बंद करतो.

खरोखरच जास्त फ्रेमांनी चित्रित केलेला सिनेमा चांगला दिसेल की, असं कुणी म्हणेल. प्रयोग झालाय. 'द हॉबिट'चा पहिला भाग २०१२ मध्ये काही चित्रपटगृहांत ४८ फ्रेमांनी दाखवला. टीव्हीची लुडबूड नव्हती, सगळी चित्रं खरी होती. तरी बऱ्याच प्रेक्षकांना वेशभूषा वेशभूषेसारखी आणि सेट सेटसारखा दिसला. मला विचाराल तर २४ च बरे.

पन्नाशी उलटल्यावर मुलानं गेम खेळायला शिकवलं. खड्ड्याच्या काठावर उडीचं बटण अगदी वेळेवर दाबते, तरी माझी बाहुली खाली. मुलगा म्हणतो, आई, तू उशिरा दाबतेस. मी म्हणते, गेम लबाड आहे. निवाडा करा. – खड्ड्यातली आई

गेम लबाड आहे हे खरं. मात्र तो लबाडी तुमच्या बाजूनं करतो.

उड्या मारायच्या चांगल्या गेममध्ये काठ जिथे दिसतो तिथे तो संपत नाही. पाय हवेत गेल्यावरही थोडा वेळ उडीचं बटण चालतं. गेम बनवणारे याला 'कोयोटी टाइम' म्हणतात, कड्यापलीकडे हवेत धावत जाणाऱ्या आणि खाली बघेपर्यंत न पडणाऱ्या, कार्टूनमधल्या कोयोटी या लांडग्यासारख्या प्राण्यावरून. 'सेलेस्टे' नावाचा २०१८ चा गेम आहे, मरणाचा कठीण म्हणून प्रसिद्ध. त्यात ही सवलत सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाची आहे. ऐकायला काहीच नाही, पण सेकंदाला ६० फ्रेमा चालतात तेव्हा एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे सहाएक फ्रेमा तुम्ही रीतसर हवेत उभ्या असता आणि गेम दुसरीकडे बघत असतो.

एवढ्यावर थांबत नाही. जमिनीला पाय लागायच्या जरा आधीच बटण दाबलं तर ते लक्षात ठेवून, टेकल्याबरोबर उडी मारली जाते. डोकं छताच्या कोपऱ्याला निसटतं आपटलं तर बाहुलीला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतात. काटे आणि गोळ्या चित्रात दिसतात त्यापेक्षा प्रत्यक्षात लहान धरलेल्या असतात. त्यामुळे 'थोडक्यात वाचले!' असं वाटतं तेव्हा चित्रात पुष्कळदा लागलेलंच असतं.

हे सगळं कशासाठी, तर माणसाला न्याय नको असतो, न्याय झाल्यासारखं वाटायला हवं असतं. 'सिव्हिलायझेशन' हा गेम बनवणारे सिड मायर २०१० मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत यावर बोलले होते. लढाईत जिंकण्याची शक्यता तीनास एक असेल आणि तरी हरलो, तर खेळणारे चिडतात. गणितानं चार वेळांतून एकदा हरायलाच हवं, पण ते कुणाला पटत नाही. तेच उलट, शक्यता एकास तीन असताना जिंकलं, तर एकाचीही तक्रार नाही! शेवटी त्यांनी गणितच खेळणाऱ्याच्या बाजूनं झुकवलं. मला यात गैर वाटत नाही. जादूगाराच्या बाहीत काय आहे यावरून त्याच्याशी कुणी भांडत नाही.

मग तुम्ही पडता का? मुलगा म्हणतो ते शक्य आहे, पण त्याआधी वरचं उत्तर वाचा. तुमचा गेम टीव्हीवर चालत असेल आणि टीव्ही मधली चित्रं रंगवत बसला असेल, तर प्रत्येक चित्र तुमच्यापर्यंत उशिरा पोहोचतंय. पुढचं चित्र हातात आल्याशिवाय मधलं काढता येत नाही, त्यामुळे टीव्हीला थांबावंच लागतं. तुम्ही काठ बघून बटण दाबता तेव्हा गेममधली बाहुली केव्हाच काठ ओलांडून गेलेली असते, आणि ती सहा फ्रेमांची सवलत टीव्हीच खाऊन टाकतो. टीव्हीचा 'गेम मोड' लावा. त्यानंतरही पडलात तर निकाल मुलाच्या बाजूनं.

एक मित्र नवा सिनेमा पहिल्याच दिवशी बघतो आणि शेवट ग्रुपवर टाकतो. वर म्हणतो, शेवट कळल्यानं मजा जास्त येते असं संशोधनात सिद्ध झालंय. खरं का? – त्रस्त

अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर अशी माणसं फार दिवस काढतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला होता खरा. लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून, काहींना न सांगता. शेवट माहीत असलेल्यांना कथा किंचित जास्त आवडल्या. पण त्या लघुकथा होत्या, महिनाभर वाट पाहिलेला सिनेमा नव्हता. शिवाय नंतरच्या काही अभ्यासांचा कल उलट निघालाय.

मला स्वतःला शेवट कळल्यानं फारसं बिघडत नाही, कारण कामाच्या टेबलावर मी शेवट आधी आणि सुरुवात नंतर बघते. म्हणून तो दुसऱ्याला सांगायचा परवाना मला मिळत नाही. दिग्दर्शक हिचकॉकनं १९६० मध्ये आपल्या 'सायको' सिनेमासाठी नियम केला होता, खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. प्रेक्षकाला काय केव्हा कळावं, हा सिनेमा करणाऱ्याचा हक्क आहे आणि तो पहिल्या दिवशी तिकीट काढणाऱ्याकडे जात नाही. मित्राला आठवडाभर म्यूट करा. ग्रुप सोडू नका, त्याला त्यातही आनंद होईल.

मित्रमैत्रिणींकडून येणारे मीम इतके मळकट का असतात? अक्षरांभोवती ठिपके, रंग उडालेले. मोबाइल बदलावा का?

मुळीच नको. ती चित्रं बहुधा जेपेग या प्रकारातली असतात. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातला, डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा बारीक तपशील फेकून देतं. आकाश, चेहरे, गवत यांना ते मानवतं. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षराची तीक्ष्ण कड म्हणजे मात्र निव्वळ बारीक तपशील. तो टाकला की कडेभोवती ठिपक्यांची घोंघावणारी झालर उरते. नुसती प्रत काढल्यानं काही बिघडत नाही. कुणी स्क्रीनशॉट काढतं, कुणी कडा कापतं, कुणी दुसऱ्या अॅपवर चढवतं, आणि पुन्हा जतन करताना दर वेळी थोडं अजून फेकलं जातं. तुमच्याकडे आलेला मीम खूप हिंडून आलाय एवढाच याचा अर्थ. स्वतः पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तसाच पोहोचेल.

सिनेमातले संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोटांनी घर हादरतं. आवाज सतत वरखाली करावा लागतो. कान तपासून घेऊ का?

तपासायला हरकत नाही, पण आधी ध्वनीच्या पर्यायांत 'स्टिरिओ', म्हणजे दोनच स्पीकरांसाठीचा आवाज, निवडून बघा. सिनेमाचे संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी मिसळलेले असतात आणि तुमच्याकडे तो बहुधा नाहीच. जे आहेत ते टीव्हीच्या पाठीला, भिंतीकडे तोंड करून. 'नाइट मोड' असेल तर स्फोट आणि कुजबुज यांच्यातलं अंतर तो कमी करतो. आणि सबटायटल लावणं म्हणजे हार मानणं, असं घरात जे कुणी म्हणतं त्यांना सांगा की मी रोज लावते.

मी एक विनोद पाठवला. नातीकडून उत्तरादाखल फक्त कवटी आली. शेवटी हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा मी टाकला होता, तर तोही 'म्हाताऱ्यांचा' आहे असं ती पूर्वी म्हणाली होती. ती रागावली आहे का? – काळजीतले आजोबा

आजोबा, अभिनंदन. कवटी म्हणजे 'हसून हसून मेले'. तरुण मंडळींत याहून मोठी दाद नाही.

तुमच्या त्या चेहऱ्याचे दिवस होते. २०१५ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून चक्क त्याचीच निवड केली होती, शब्द नसताना. मग तो सगळेच वापरू लागले आणि आई-आजोबा जे वापरतात ते मुलांनी सोडलं. यात चेहऱ्याचा काही गुन्हा नाही. ही चित्रभाषा एका जागी बसतच नाही. १९८२ च्या १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञानं अपूर्णविराम, रेघ आणि कंस टंकून आडवा हसरा चेहरा सुचवला, थट्टा आणि गंभीर मजकूर वेगळे ओळखता यावेत म्हणून. १९९९ मध्ये जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी मोबाइलसाठी १७६ चित्रांचा संच केला, प्रत्येक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांत. आज तर एकच खूण दोन फोनांवर वेगळी दिसते, कारण युनिकोड ही सगळ्या फोनांसाठीची सामाईक यादी प्रत्येक खुणेचा फक्त क्रमांक ठरवून देते आणि चित्र ज्याची त्याची कंपनी काढते. अॅपलनं २०१६ मध्ये पिस्तुलाची पाण्याची पिचकारी केली. बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनी आपापलं पिस्तूल २०१८ पर्यंत टिकवलं. मधल्या काळात एकानं गमतीत पाठवलेली पिचकारी दुसऱ्याला खऱ्या पिस्तुलासारखी दिसत होती. त्यापुढे तुमची कवटी काहीच नाही.

तुम्ही तुमचा चेहराच वापरत राहा. नातीची नक्कल करून कवटी पाठवू नका, ती तत्क्षणी वापरणं सोडून देईल. आणि तो विनोद आम्हालाही कळवा, पत्रात लिहायचा राहिलाय.