'ग्रस्त', 'असलेला' की नुसतं 'स्वमग्न'?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑटिझमच्या (म्हणजे स्वमग्नतेच्या) एका आधारगटाचं माहितीपत्रक तुम्ही मराठीत करताय. पालकांनी 'स्वमग्नताग्रस्त मुलं' असं लिहिलं. समुपदेशक बाईंनी ते खोडून 'स्वमग्नता असलेल्या व्यक्ती' केलं. आणि गटातला एक तिशीचा सदस्य म्हणाला, "मला सरळ ऑटिस्टिक म्हणा की." या तिघांत बरोबर कोण, आणि 'पिअर सपोर्ट' (सारख्याच अनुभवाच्या माणसांनी एकमेकांना दिलेला आधार) आणि 'सेल्फ-ॲडव्होकसी' (स्वतःच्या हक्कांसाठी स्वतःच बोलणं) यांना मराठीत काय म्हणावं?

'ग्रस्त'चा निकाल लवकर लागतो, म्हणून ते आधी. ग्रस् म्हणजे गिळणं. ग्रास, खग्रास त्याच घरातले. पंचांगात चंद्र 'ग्रस्तोदित' असतो, म्हणजे ग्रहण लागलेलाच उगवतो. पूरग्रस्त, दंगलग्रस्त, प्रकल्पग्रस्त हे शब्द पाहा. प्रत्येकात आधी धडधाकट असलेलं काहीतरी आहे आणि बाहेरून आलेल्या कशानं तरी ते गिळलंय. पूर ओसरतो, ग्रहण सुटतं, मग आतला माणूस पुन्हा मोकळा. ऑटिझमच्या बाबतीत ही गोष्ट मुळातच लागू होत नाही, कारण गिळला जाण्याआधीचा कुणी वेगळा माणूस तिथे नसतोच. शब्द चांगल्या मनानं वापरला गेला असेल, पण तो खोडा.

आता समुपदेशक बाईंची दुरुस्ती. ती इंग्रजीतून आली आहे. तिथे 'माणूस आधी, निदान नंतर' असा शिष्टाचार रूढ झाला: वाक्यात आधी 'व्यक्ती' यावी, मग 'ऑटिझम असलेली'. ऑटिस्टिक मंडळींतल्या अनेकांना तो पटला नाही. त्यांच्यातल्याच जिम सिंक्लेअर यांनी १९९९मध्ये त्यावर सडेतोड लेख लिहिला. ऑटिझम हा अंगावरचा कोट नव्हे, तो काढून ठेवून मागे मी उरत नाही, असा त्याचा एकूण रोख. ब्रिटनमध्ये सुमारे साडेतीन हजार लोकांना विचारून केलेली एक पाहणी २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 'ऑटिझम असलेली व्यक्ती' हा प्रयोग व्यावसायिकांना जास्त पसंत होता, तर स्वतः ऑटिस्टिक असलेल्या प्रौढांचा कल 'ऑटिस्टिक'कडे होता. सगळ्यांना मान्य असा एकच शब्द काही निघाला नाही.

पण मराठीत हा वाद आहे तसा येऊच शकत नाही, आणि माझ्या मते मजा इथेच आहे. आपल्याकडे विशेषण काय किंवा 'असलेली' काय, दोन्ही नामाच्या आधीच बसतात. 'स्वमग्न व्यक्ती' म्हणा नाहीतर 'स्वमग्नता असलेली व्यक्ती' म्हणा, व्यक्ती बिचारी रांगेत शेवटीच. उलट 'असलेली' घातल्यावर ती आणखी एक शब्द मागे ढकलली जाते! इंग्रजीतला शिष्टाचार शब्दाशब्दानं पाळायला गेलं की नेमका त्याच्या उलट परिणाम होतो.

मराठीत खरी गाठ आहे ती 'ला' आणि त्यापुढच्या क्रियापदात. 'तिला ऑटिझम झालाय' आणि 'तिला ऑटिझम आहे' ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. 'झालाय' म्हटलं की कावीळ आठवते. ऐकणारा लगेच विचारणार, "कधी झाला? कशानं? बरा कधी होईल?" त्यात त्याचा दोष नाही, क्रियापदच हे प्रश्न विचारायला लावतं. 'आहे'चं तसं नाही. 'तिला मधुमेह आहे' जितकं सहज, तितकंच 'तिला दोन भाऊ आहेत', 'तिला सुरांची जाण आहे'. 'ला… आहे' हा साचा आजाराचा नाही, माणसापाशी जे जे असतं त्या सगळ्याचा आहे. म्हणून 'तिला ऑटिझम आहे' हे वाक्य मला अजिबात खटकत नाही. 'झाला' मात्र पत्रकात शोधून शोधून काढा. 'ग्रस्त' डोळ्यांत भरतो, 'झाला' गुपचूप बसून राहतो.

आणि 'ती ऑटिस्टिक आहे'? तेही बिनधास्त लिहा. डावखुऱ्या माणसाला आपण डावखुराच म्हणतो. 'डावखुरेपण असलेली व्यक्ती' असं कुणी म्हणालं तर आपण त्याच्याकडे बघत राहू. अडून अडून बोललं की त्या गोष्टीत काहीतरी लपवण्यासारखं आहे असं वाटायला लागतं.

आता 'स्वमग्न' हा शब्द. मग्न हा मस्ज् धातूवरून आला, म्हणजे बुडालेला. जलमग्न, ध्यानमग्न, विचारमग्न. हिंदीत 'स्वलीनता' केलं, आपण 'स्वमग्नता'. दोन्ही प्रामाणिक भाषांतरं, पण ज्याचं भाषांतर केलं तो शब्दच जुन्या समजुतीतून आलेला. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास तो शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनियातलं एक लक्षण सांगायला: बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आत वळणं. १९४३मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करताना तोच शब्द घेतला आणि तो चिकटला तो चिकटलाच. बाहेरून बघणाऱ्याला जे दिसलं, त्यावरून पडलेलं हे नाव.

आतून कसं असतं? एकदा अशाच मजकुरावर काम करताना एका ऑटिस्टिक तरुणाला मी 'स्वमग्न' कसा वाटतो असं विचारलं होतं. तो म्हणाला, "आत्ता या खोलीत ट्यूबलाइट गुणगुणतेय, पंख्याचं एक पातं घासतंय, पलीकडे दोघं बोलताहेत आणि तुम्ही बोलताय. सगळं मला एकाच आवाजात ऐकू येतंय. मी स्वतःत कुठे बुडालोय? मी तर या खोलीत बुडालोय." तोवर पंखा घासतोय हे माझ्या कानावर आलंच नव्हतं. नंतर मात्र तेवढंच ऐकू येत राहिलं.

शिवाय रोजच्या मराठीत 'फार स्वमग्न माणूस आहे हो' ही तक्रार असते, निदान नव्हे. म्हणून माझी शिफारस अशी: मजकुरात 'ऑटिझम' आणि 'ऑटिस्टिक' ठेवा, 'स्वमग्नता' पहिल्या उल्लेखात एकदा द्या, कारण दाखल्यांवर नि वर्तमानपत्रांत वाचकाला तोच भेटतो. 'ऑटिस्टिक' लिंगवचनानुसार बदलतही नाही, सोयीचाच आहे. नवा शब्द घडवायचाच असेल तर न्यूझीलंडमधल्या माओरी भाषेकडे पाहा. तिथे भाषातज्ज्ञ केरी ओपाई यांनी 'ताकिवातांगा' हा शब्द दिला. आपल्याच काळात, आपल्याच अवकाशात असणं, असा त्याचा भाव. असं काही मराठीत सुचलं तर मला कळवा, मी हात टेकले.

'न्यूरोडायव्हर्जंट', म्हणजे ज्याच्या मेंदूची घडण बहुतेकांपेक्षा वेगळी आहे असा, या शब्दाबद्दल एवढंच. पुष्कळ जण 'न्यूरोडायव्हर्स' आणि हा शब्द एकच समजतात. पहिला समूहाबद्दल, दुसरा एकेका माणसाबद्दल. हा दुसरा हक्कचळवळीतल्या कॅसियन असासुमासू यांनी २०००च्या आसपास घडवला. मराठी कानाला हा फरक आपोआप कळतो: 'विविध लोक' असतात, पण 'तो मुलगा विविध आहे' असं कुणी म्हणत नाही. 'चेतावैविध्य' समूहासाठी चालेल. एकट्यासाठी तूर्त इंग्रजी शब्दच बरा.

'पिअर सपोर्ट'साठी तुम्ही 'समदुःखींचा आधार' सुचवलाय. ओळखीचा शब्द आहे, पण तो दुःख गृहीत धरतो. गटात येणारा प्रत्येक जण दुःख घेऊनच येतो असं नाही. कुणी फक्त न बोलता दोन तास बसता येतं म्हणून येतो, कुणी नोकरीच्या मुलाखतीत डोळ्यांत बघायचं कसं टाळलं ते सांगायला येतो. 'समवयस्क' तर चूकच, वयाचा इथे संबंध नाही. मी 'बरोबरीच्यांचा आधार' म्हणेन. 'बरोबरीचा' या शब्दात वर-खाली नाही, डॉक्टर-रुग्ण नाही, आणि कानाला तो घरातलाच आहे.

'सेल्फ-ॲडव्होकसी'चं मात्र जमलं नाही. 'वकिली' म्हटलं की काळा कोट दिसतो. 'कैवार' छान शब्द, पण कैवार नेहमी दुसऱ्याचा घ्यायचा असतो, स्वतःचा घेता येत नाही. 'स्वकैवार' लिहून पाहिला आणि खोडला. मग नाम सोडून दिलं आणि शीर्षकात क्रियापद घातलं: 'आमची बाजू आम्हीच मांडू'. तुमच्या तिशीच्या सदस्याला दाखवून बघा, तो काय खोडतो ते कळवा.