चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीतलं 'ओपन' कसं शिकवावं? ते सारखं 'ओपन द लाइट', 'ओपन द टीव्ही' म्हणतात.

तुमच्या प्रश्नाच्या तपशिलात एक वाक्य आहे: "कितीही वेळा चूक दाखवली तरी सुधारत नाहीत." त्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. नुसती चूक दाखवून कुणी सुधारत नाही. ती कुठून येते हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवायचं तर आधी ते शिकवणाऱ्याला माहीत असावं लागतं.

मी शिक्षक नाही. टेक्स्टाइल इंजिनिअर आहे, मूळचा इचलकरंजीचा. चीनमध्ये झेजियांग प्रांतात, शाओशिंगच्या बाजूला रेपियर माग (धोट्याशिवाय कापड विणणारी यंत्रं) बनवणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षं होतो. भारतातून येणारं गिऱ्हाईक आणि तिथला कारखाना यांच्या मध्ये उभं राहायचं, हे माझं काम. या एका क्रियापदाने केवढा घोळ होऊ शकतो ते तिथे बघितलं.

आमच्या गावचे एक कारखानदार माग घ्यायला आले होते. वयाने मोठे, मी त्यांना मामा म्हणायचो. माग कंटेनरमध्ये चढायच्या आधी माझ्यासमोर चालवून दाखवा, अशी त्यांची अट होती. कर्ज काढून माग घेणाऱ्या माणसाने अशी अट घालणं रास्तच आहे. संध्याकाळी विक्री विभागातली मुलगी त्यांना हॉटेलवर सोडायला गेली आणि निघताना म्हणाली, "सर, टुमारो मॉर्निंग वुई ओपन युवर मशीन."

रात्री मामांचा मला फोन. "आरं, माझी नवी मशीन खोलायल्यात की ही लोकं! काय मोडलंय तिच्यात? कोऱ्या मशीनला पाना लावायचा न्हाई, सांग त्यांना."

ज्याने कारखान्याच्या शॉपमध्ये दिवस काढलेत तो मामांना दोष देणार नाही. आपल्याकडे मशीन ओपन केली म्हणजे नट-बोल्ट काढून खोललीच. कोरी मशीन गिऱ्हाइकाला दाखवायच्या आदल्या रात्री खोलायची भाषा ऐकली तर कुणालाही झोप लागणार नाही. मी परोपरीने सांगितलं, "मामा, खोलणार नाहीत, चालू करणार आहेत." त्यांना पटेना. "मग तसं का म्हणाली न्हाई ती?"

सकाळी कारखान्यात गेलो. तिथल्या जाणत्या कारागिराला 'शीफू' म्हणतात, आपल्याकडच्या जॉबरसारखा, म्हणजे मागांची देखभाल बघणाऱ्या मुकादमासारखा, त्याचा मान असतो. आमचे शीफू पॅनेलपाशी उभे होते. मेन स्विचच्या एका अंगाला एक चिनी अक्षर, दुसऱ्या अंगाला दुसरं. पहिल्यावर बोट ठेवून मी मामांना म्हटलं, हे 'खाइ'. लिफ्टमध्ये दार उघडायच्या बटणावर हेच अक्षर बघितलंत ना? दार उघडायचं तरी 'खाइ', मशीन चालू करायची तरी 'खाइ'. दुसरं 'क्वान', म्हणजे बंद. तेही दाराला आणि दिव्याला एकच. शीफूंनी खटका फिरवला, पॅनेलवरचा दिवा लागला, माग सुरू झाला. मामा वाकून कापडाची काठ तपासायला लागले आणि रात्रीचा विषय तिथेच संपला.

त्या मुलीने चिनीत बरोबर असलेलंच वाक्य बोललं होतं, शब्द तेवढे इंग्रजी होते. हे ध्यानात आलं की तुमचा निम्मा प्रश्न सुटला.

'खाइ'चं जुनं अक्षर, जे तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजून लिहितात, त्यात दोन फळ्यांचं दार आहे आणि आत अडसर काढणारे दोन हात. चीनच्या सोप्या केलेल्या लिपीत दार गेलं, आतला भाग तेवढा राहिला. मला वाटतं अर्थाचंही तसंच झालं. दार सुटलं आणि अडलेलं मोकळं करण्याची, थांबलेलं सुरू करण्याची क्रिया उरली. म्हणून दिवा, टीव्ही, मशीन 'खाइ' करतात. गाडी चालवणं 'खाइ'. बैठक घेणं 'खाइ'. डॉक्टर औषध लिहून देतो, तेही 'खाइ'. फूल उमलतं ते 'खाइ', उकळलेलं पाणी 'खाइ-श्वे', थट्टा करणं 'खाइ', आणि मन मोकळं म्हणजे आनंदी, 'खाइ-शिन'. दार उघडण्याच्या मूळ अर्थाशी इंग्रजी 'ओपन' जुळतं आणि शाळेत मुलं पहिल्या धड्यापासून 'खाइ म्हणजे ओपन' असं पाठ करतात. पुढचं सगळं तिथून येतं.

व्यापारात तर याने पैसे अडकतात. तिथे सरकारी कर-पावतीला 'फापियाव' म्हणतात आणि ती देण्यालाही 'खाइ'च. त्यामुळे मेलमध्ये येतं, "वुई विल ओपन इनव्हॉइस." इकडे आपला अकाउंटंट 'ओपन इनव्हॉइस' वाचतो आणि समजतो की बिल थकलंय. त्यांना म्हणायचं असतं 'इश्यू'. आणि गंमत बघा, बँकेची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) मात्र इंग्रजीतही 'ओपन'च करतात, खातंही 'ओपन'च. म्हणजे दोन ठिकाणी तेच वाक्य बरोबर ठरतं, तिसऱ्या ठिकाणी चूक. शिकणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा?

आता ज्या गोष्टीचा मला अजून राग आहे ती सांगतो. कारखान्याने बोलक्या इंग्रजीसाठी बाहेरून एक ट्रेनर आणला होता. त्याच्या वर्गात चिनी शब्द तोंडातून निघाला की दंड. मामांचा किस्सा त्याच्या कानावर गेला. पुढच्या वर्गात त्याने ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्या मुलीला उभं करून सगळ्यांसमोर वाचायला लावलं. लोक हसले. त्यानंतर ती गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलेनाशी झाली. फोनमध्ये चिनी टाइप करायची आणि भाषांतराचा स्क्रीन पुढे धरायची. त्याआधी ती मामांशी सुताच्या नंबरापासून जेवणापर्यंत सगळं बोलत होती, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

माझा त्या ट्रेनरशी वाद झाला. त्याचं एकच पालुपद: इंग्रजी शिकायचं तर इंग्रजीतच विचार करा, चिनी दाराबाहेर ठेवा. मला हे तेव्हाही पटलं नाही, आज तर अजिबात पटत नाही. भाषा चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. मी मराठी माध्यमात शिकलो. घरात 'दिवा लाव' म्हणायचे आणि 'दार लाव' म्हणायचे. एकात सुरू करायचं, दुसऱ्यात बंद. कुठल्याही मराठी पोराचा यात घोटाळा होत नाही, कारण पुढे कुठली वस्तू आहे यावर 'लाव'चा अर्थ ठरतो. चिनी माणूस 'खाइ'चं नेमकं हेच करतो. त्यात आळस नाही, अडाणीपणा नाही. आणि एकटे चिनीच असं बोलतात असंही नाही. फिलिपिन्सचे लोक 'ओपन द लाइट' म्हणतात. कॅनडात क्युबेकचे फ्रेंच बोलणारे लोकही दिवा 'उघडतात'. हे मी त्या ट्रेनरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हा शिकवण्याचा विषय नाही. मग शिकवण्याचा विषय कुठला?

म्हणून तुम्हाला माझं स्पष्ट सांगणं: 'ओपन'चे अर्थ शिकवायला घेऊ नका. 'खाइ'पासून सुरुवात करा. विद्यार्थ्यांनाच 'खाइ'चे जेवढे प्रयोग आठवतील तेवढे चिनीत लिहू द्या, खुशाल बोलू द्या. मग प्रत्येक वस्तूपुढे इंग्रजीतलं क्रियापद लिहा. दार, खिडकी, डबा, डोळे, तोंड, पुस्तक यांना 'ओपन'. जे विजेवर चालतं त्याला 'टर्न ऑन', नळालाही तेच. गाडीला 'ड्राइव्ह', मीटिंगला 'होल्ड', औषधाला 'प्रिस्क्राइब', पावतीला 'इश्यू'. पाण्याला 'बॉइल', फुलाला 'ब्लूम'. ज्याला झाकण, दार किंवा तोंड आहे त्याला 'ओपन', ही खूण पुष्कळ ठिकाणी कामाला येते. फाइल आणि ॲप विजेवर असूनही 'ओपन' होतात, कारण ती आपण वहीसारखी उघडून आत बघतो. पण फोन 'ओपन' केला म्हणजे स्क्रू काढले. फोन आणि ॲप ही जोडी वर्गात शेजारी शेजारी ठेवाच.

दुसरी अडचण तुम्ही विचारलेली नाही, पण येणार आहे. 'द शॉप इज ओपन', पण 'द शॉप इज क्लोज्ड'. एकाला शेपूट नाही, दुसऱ्याला आहे. चिनी क्रियापदाचं रूपच बदलत नाही. उघडलं ते 'खाइ-ल', उघडं आहे ते 'खाइ-च', मूळ शब्द जागचा हलत नाही. त्यामुळे ते 'इज ओपन्ड' आणि 'इज क्लोज' असं उलटं बोलतात. इथे तर्क सांगत बसू नका, दुकानाच्या पाटीसारखी दोन्ही वाक्यं पाठ करून घ्या.

आणि तुमचे विद्यार्थी सिंगापूर-हाँगकाँगचे असतील तर त्यांच्या घरी-दारी 'ओपन द लाइट' रोज चालतं, सगळ्यांना समजतं. ते वाक्य त्यांच्या तोंडून काढून टाकायची गरज नाही. घरी ते, बाहेर 'टर्न ऑन', एवढं सांगितलं तरी पुरे. आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेला, बसणार असतील तर मात्र 'टर्न ऑन'चा सराव परीक्षेआधी भरपूर करून घ्या, तिथे परीक्षक 'खाइ'चा विचार करणार नाही.