पावसाळ्यात वडोदऱ्याहून एका दिवसात वसईचा किल्ला पाहून परत येता येतं का? आम्ही दोघं मित्र आहोत.

येतं. आम्ही आलो. घरी पोचायला रात्रीचा सव्वा वाजला, पण आलो. (तुमच्या तिकिटावर वडोदरा असेल, माझ्या तोंडी बडोदाच येणार. सांभाळून घ्या.)

पहाटेची गाडी घ्या. ती वसई रोडला थांबते का एवढं आधी बघा, कारण बऱ्याच जलद गाड्या थेट बोरिवलीला थांबतात आणि तिथून विरार लोकलनं उलटं यावं लागतं. स्टेशनपासून किल्ला सात-आठ किलोमीटर आहे, रिक्षा मिळते. छत्री नेऊ नका. माझी पहिल्या दहा मिनिटांत उलटी झाली, ती तिथेच एका भिंतीला टेकवून आलो.

पण तुम्ही ‘दोघं मित्र’ लिहिलंत म्हणून उत्तर द्यायला बसलो. कोणता मित्र, ते फार महत्त्वाचं आहे.

माझा मित्र मूळचा दांडिया बाजारातला, आमच्याच गल्लीतला. शाळेत रोज माझ्या डब्यातले ठेपले खाल्लेत त्यानं. आता बारा वर्षं कोथरूडला आहे आणि गणपतीला बडोद्याला येतो तेव्हा पाहुण्यासारखा येतो. दोन वर्षांपूर्वी असाच आला होता, त्यालाच वसई बघायची होती. वसई जिंकणाऱ्या चिमाजीअप्पांच्या, म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या भावाच्या, पुतळ्यापाशी पोचेपर्यंत सगळं छान चाललं होतं. त्यानं हात जोडले, मीही जोडले. १७३९चा वेढा, सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजाखाली लावलेले सुरुंग, मे महिन्यात पोर्तुगीजांनी खाली ठेवलेली शस्त्रं, सगळं त्यानं मला असं ऐकवलं की जणू मी परदेशातून आलोय. मी ऐकून घेतलं.

मग धो धो कोसळायला लागला. आम्ही बंदराकडच्या दरवाज्याच्या कमानीत पळालो. मासळीची पाटी घेतलेली एक कोळीण मावशी आधीच तिथे उभी होती. समोर खाडी, होड्या, काही दिसत नव्हतं, नुसता पांढरा पडदा. आणि हे महाशय शर्ट पिळत म्हणतात, “पेशव्यांनी जीव काढून घेतली रे वसई. तुम्हा बडोद्याच्या गायकवाडांनी काय केलं? इंग्रजांना जाऊन मिळालात.”

तुम्हा! ह्याचे आजोबा सरकारवाड्यात कारकून होते. निवृत्तीपर्यंत गायकवाडांचा पगार घेतला त्यांनी.

मी म्हटलं, कधी मिळालो? तर त्याच्याकडे तारखा तयार. १७८०च्या जानेवारीत फत्तेसिंगराव गायकवाडांनी इंग्रज सेनापती गॉडर्डशी करार केला आणि त्याच डिसेंबरात त्याच गॉडर्डनं हीच वसई घेतली. पुढे १८०२च्या मार्चमध्ये आनंदरावांच्या कारकिर्दीत खंबायतला तह. मला काही सुचेना. मी भिलापूर काढलं. डभोईला जाताना लागतं ते, माझी रोजची वाट. १७३१ साली थोरल्या बाजीरावांनी तिथे सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांना मारलं आणि आमचे पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूनं लढत होते. मग मराठ्यांचा एकोपा आधी कोणी मोडला? आवाज चढले. मावशी बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं विचारलं, “भाऊ भाऊ आहात का? जमिनीचं भांडण आहे?”

मित्र हसला, मी नाही हसलो.

खरं उत्तर मला घरी आल्यावर, अंगावर शाल घेऊन आल्याचा चहा पिताना सुचलं. ते इथे लिहितो, तो वाचेलच. १८०२च्या मार्चमध्ये आम्ही सही केली, बरं. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावानं कुठे सही केली? वसईला! आपण भांडत होतो त्याच गावात. ऑक्टोबरात पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी हरवल्यावर महाडमार्गे समुद्राला लागून, इंग्रजांच्या जहाजातून तो तिथे पोचला होता. आणि त्या तहात पेशव्यानं गायकवाडांचा इंग्रजांशी झालेला करार मान्य केला आहे. म्हणजे ज्यावरून तू मला चिखलात उभं करून बोललास, त्यावर तुझ्या पेशव्याचीच मान्यता आहे. आणि पार मागे जायचं तर गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं १५३४मध्ये हुमायूनच्या धास्तीनं वसई पोर्तुगीजांना लिहून दिली. त्यात गायकवाडही नव्हते आणि पेशवेही नव्हते.

गॉडर्डचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते लागलंच.

तर किल्ला. चर्चच्या उंच भिंती, त्यांतून उगवलेले वड-पिंपळ, फरशीत बसवलेले पोर्तुगीज अक्षरांचे थडग्यांचे दगड, हे सगळं भिजलेलं असतानाच बघावं. उन्हाळ्यात गेलेल्यांना तो किल्ला कळलेलाच नाही असं माझं मत आहे. पोर्तुगीज लोक तिथे दोनशे वर्षं राहिले, हे त्या थडग्यांवरून चालताना पायाला कळतं. समुद्र दिसेल म्हणून जाल तर हिरमुसाल, त्या बाजूला खाडी आणि तिवरं आहेत. वसईची सुकेळी (सुकवलेली केळी) मागितली, ऐन पावसात कुठेच मिळाली नाहीत.

हे आधी सांगायला हवं होतं: मनोऱ्याच्या आतल्या गोल जिन्याच्या वाटेला जाऊ नका, पायऱ्या अरुंद आहेत आणि शेवाळानं साबणासारख्या होतात. गवत कमरेएवढं असतं, चप्पल घालून जाऊ नका. आणि आदल्या रात्री मुंबईत जोराचा पाऊस झाला असेल तर बेत रद्द करा, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं की सगळं ठप्प. आमची गाडी परतीला दीड तास एका जागी उभी होती. त्या दीड तासातही तो बोलतच होता. भरुचला नर्मदेच्या पुलावर गाडी धडधडायला लागली तेव्हा कुठे झोपला, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, ओला टॉवेल माझ्याच मांडीवर.