पहिल्यांदा बेलम गुहेत जाताय?

बरं केलंत, गुहा बघायच्या सुरुवातीला आंध्रातली बेलमच घ्या. 3229 मीटर लांबीपैकी साधारण दीड किलोमीटर पर्यटकांना खुली आहे, आत दिवेही आहेत.

- आत गारवा असेल हा भ्रम सोडा. घामाघूम व्हाल! सुती कपडे, पाणी आणि ओल्यावर न घसरणारे बूट हवेत.
- कोटिलिंगालू या दालनातल्या लवणस्तंभांना (चुनखडीच्या सुळक्यांना) हात लावू नका. नवख्यांची हमखास चूक हीच. थेंबाथेंबातल्या चुन्यातून ते हजारो वर्षांत वाढतात. बोटांचं तेल लागलं की वाढ खुंटू शकते.
- जमिनीवरचं खापर, हाड उचलू नका. इथे प्राचीन मातीची भांडी सापडली आहेत, बौद्ध भिक्षूंच्या वास्तव्याच्या खुणाही.

दोर, नकाशे, गुहेचे बंद फाटे नंतर बघू. पाताळगंगा या आतल्या झऱ्यापाशी मात्र जरा थांबा, नुसतं पाणी ऐका.