खोली दहा बाय आठची, स्पीकर कोणते घ्यावेत?

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या सुमारे २०० एलपी माझ्याकडे आहेत. त्यांत ख्यालगायन आणि नाट्यसंगीत जास्त. गिरगावातील चाळीत आमच्या दोन खोल्यांपैकी आतली खोली मी ऐकण्यासाठी मोकळी केली आहे. ती १० फूट लांब आणि ८ फूट रुंद असून छतही १० फुटांवर आहे. लाकडी व्हेनिअरचे, पुढे कापडी जाळी असलेले, जुन्या वळणाचे स्पीकर घ्यावेत अशी फार दिवसांची इच्छा आहे. १२ इंची वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या शंकूची) एक जोडी पाहून मन तिच्यावरच बसले आहे. मुलगी मात्र म्हणते की ती या खोलीत शोभणार नाही. काय करावे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमच्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे, मात्र अडचण शोभेची नसून खर्जाची आहे. प्रत्येक बंद खोली काही ठरावीक स्वर स्वतःहून वाढवते, आणि खोली जितकी लहान तितके हे स्वर वर सरकत सरकत गाण्याच्या मुख्य भागात येऊन बसतात. तुमच्या खोलीत लांबीमुळे उठणारा पहिला स्वर ५७ हर्ट्झच्या आसपास येतो आणि रुंदीमुळे उठणारा ७१च्या आसपास. त्यात छताची उंची नेमकी लांबीएवढीच असल्यामुळे ५७चा स्वर दोन दिशांनी वाढतो. आता काळी एकमध्ये लावलेला पुरुषी तंबोरा घ्या. त्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंपनसंख्या सुमारे ६९ हर्ट्झ असते. तंबोऱ्याचे खरे वैभव जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांत असल्यामुळे तो कसाबसा तग धरतो. डग्ग्याचे तसे नाही. डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्यात राहतो, आणि मोठ्या वूफरने तो भरभरून खोलीत सोडला की ‘घे’ची मींड ऐकूच येत नाही, प्रत्येक ठोक्यामागे सारखाच एक हुंकार तेवढा उरतो.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. परळला भाड्याच्या खोलीत राहत असताना मी १० इंची वूफरची जोडी मोठ्या हौसेने आणली होती. विलंबित तीनताल सुरू झाला की मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या, शेजारच्या आजी भिंत वाजवायच्या आणि गायकाचा आवाज मात्र कांबळ्याआडून आल्यासारखा वाटायचा. वर्षभर मी ॲम्प्लिफायर बदलून पाहिले. दोष खोलीच्या आणि खोक्याच्या मापांचा होता, हे फार उशिरा ध्यानात आले.

म्हणून माझा सल्ला असा, की जुने वळण अवश्य ठेवा, पण ते लहान खोक्यात शोधा. १२ इंची वूफरच्या घडणीचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे १९७०चा जेबीएल एल१००. त्याची आजची आवृत्तीही दोन फुटांहून उंच आणि प्रत्येकी २६ किलोहून जड आहे. तो मोकळ्या दिवाणखान्यात, थोड्या अंतरावरून ऐकण्याचा स्पीकर आहे. तुमच्या खोलीला साजेसा वारसा वेगळा आहे. ब्रिटनच्या बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांत, म्हणजे तुमच्या खोलीहूनही अडचणीच्या जागेत, निवेदकाचा आवाज पारखता यावा म्हणून एलएस ३/५ए हा स्पीकर तयार केला. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी १९ सेंटिमीटर, पातळ प्लायवुडचे पूर्ण बंद खोके आणि आत पाच इंची वूफर. माणसाचा गळा इतका खरा ऐकवणारे स्पीकर मी फार थोडे ऐकले आहेत, आणि तुमचा संग्रह तर गळ्यांचाच आहे. परवान्याने तो अनेक कंपन्यांनी बनवला आणि आजही तो नव्याने बनतो. अस्सल जुन्या जोडीसाठी संग्राहक भरमसाट किंमत मोजतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नये.

बंद खोक्याचा आग्रह मी का धरतो तेही सांगतो. अशा खोक्यात खर्ज हळूहळू, दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने उतरतो आणि लहान खोली नेमका तोच भाग आपल्या बाजूने उचलून धरते. पोर्ट म्हणजे हवेचे भोक असलेल्या खोक्यात खर्ज बराच खाली भरदार राहतो आणि मग दुप्पट वेगाने कोसळतो, त्यामुळे खोलीची भर नको तिथे पडते. पोर्टवालाच घ्यायचा झाल्यास भोक पुढच्या बाजूला असलेला बघा. व्हार्फडेल डेंटनसारख्या देखण्या जोडीचे पोर्ट मागे असतात आणि त्यांना भिंतीपासून अधिक जागा सोडावी लागते.

मांडणी अशी करून पाहा. ८ फुटी भिंतीकडे पाठ करून स्पीकर ठेवा, मागे फूटभर जागा सोडा, दोहोंमध्ये सव्वाचार-साडेचार फूट अंतर ठेवा आणि आपले डोके स्पीकरपासून पाच फुटांवर येईल असे बसा. मागच्या भिंतीला टेकून बसू नका, कारण खर्ज भिंतीशी सर्वांत जास्त साचतो. तुम्ही गादीवर मांडी घालून ऐकणार असाल, तर दुकानातले २४ इंची किंवा त्याहून उंच स्टँड उपयोगाचे नाहीत. बसल्यावर जमिनीपासून कानापर्यंतचे अंतर मोजा आणि ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, त्या उंचीवर येईल असे स्टँड सुताराकडून करून घ्या. एलएस ३/५एच्या मापाच्या खोक्यासाठी ते २० इंचांच्या आसपास येतील. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावून खर्जावर काहीही परिणाम होत नाही. कोपऱ्यात उभी करून ठेवलेली कापसाची जाड गादी थोडाफार तरी उपयोग करते.

एलएस ३/५एची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या वॅटमागे निघणारा आवाज, कमी, सुमारे ८३ डेसिबल आहे, तरी त्याची चिंता नको. पाच फुटांवरून १० वॅटमध्येही चाळीला पुरून उरेल एवढा आवाज होतो. रात्री अगदी हळू ऐकताना आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. जुन्या ॲम्प्लिफायरवरचे ‘लाउडनेस’चे बटण त्याच वेळेसाठी आहे, ते एरवी बंद असू द्या.

दुकानात जाताना स्वतःची एक एलपी घेऊन जा आणि द्रुत बंदिशीत डग्ग्याचे बोल एकमेकांपासून सुटे ऐकू येतात का, तेवढे पाहा.

प्रश्न : चोर बाजारातून १९८०च्या दशकातील एक जोडी आणली. वूफरच्या कडेचा फोम हात लावताच भुगा होऊन पडतो. दुरुस्ती करावी की टाकून द्यावी?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : टाकू नका. तो फोम दमट हवेत काही वर्षांनी विरतोच, आणि आपल्याकडे तर चार महिने पावसाळा. चारही बोटे शंकूवर समान टेकवून तो हलकेच आत दाबा. खरखर ऐकू आली नाही तर शंकू हलवणारी आतली तारेची कॉइल शाबूत आहे आणि नवा फोम बसवता येईल. त्याच मापाचा आणि तितकाच लवचिक फोम मागा. त्याऐवजी जाड रबर बसवले तर वूफर ताठरतो आणि खर्ज आखडतो. खोके उघडलेच आहे तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही तपासून घ्या, कारण ट्वीटर मंद वाजण्याचे मूळ बहुधा तिथेच असते.